दुबळ्या चुंबकांविषयी काही टिपणे

तुरटी

पावसाळ्यात गढूळ पाणी आले की पुण्याजवळच्या घोटावड्यातल्या घरांत हंड्यात तुरटीचा खडा फिरवायचे. आता फिल्टर आले आणि खडा केशकर्तनालयापुरता उरला. रसायनशास्त्राच्या हिशेबात तो पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचा जोड-सल्फेट. स्फटिकात प्रत्येक ॲल्युमिनियमच्या वाट्याला पाण्याचे १२ रेणू येतात. ॲल्युमिनियमच्या जागी क्रोमियम बसवले की क्रोम तुरटी होते. ती गडद जांभळी असते, मोठा खडा तर काळाच वाटतो. चामडे कमावणाऱ्यांच्या ती चांगली ओळखीची. पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम दोन्ही काढून अमोनियम आणि लोह घातले की फेरिक अमोनियम तुरटी. घडण तीच, पाणीही तेवढेच. पण क्रोमियमच्या आणि लोहाच्या आयनाला स्वतःचे चुंबकत्व असते, ॲल्युमिनियमच्या आयनाला नसते.

या दोन तुरट्यांनी माणसाला निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सियसच्या, काही शतांश अंश जवळ नेले. स्पीकरमधला दणकट चुंबक या कामाला अगदी निरुपयोगी आहे.

डीमॅग

प्रत्येक क्रोमियम आयन म्हणजे एक चिमुकला चुंबक. बाहेरचे क्षेत्र नसेल तर हे चुंबक वाटेल तिकडे तोंड करून असतात. क्षेत्र लावले की एका दिशेला वळतात आणि त्या भरात उष्णता बाहेर पडते. ती द्रव हेलियमला देऊन टाकायची. मग क्षाराचा बाहेरच्या जगाशी असलेला उष्णतेचा संबंध तोडायचा आणि क्षेत्र सावकाश उतरवायचे. चुंबक पुन्हा विस्कटू लागतात. विस्कटायला ऊर्जा हवी आणि बाहेरून ती येण्याची वाट तर बंद केलेली. मग ती स्फटिकाच्या कंपनांतून काढली जाते आणि स्फटिक गार पडतो. पाठ्यपुस्तकात याला स्थिरोष्म विचुंबकन म्हणतात. प्रयोगशाळेत कोणी इतके बोलत बसत नाही. तिथे ‘डीमॅग’ म्हटले की काम भागते.

याला शेवट कुठे? शेजारी-शेजारी बसलेले चुंबक एकमेकांवरही प्रभाव टाकतात. तापमान पुरेसे उतरले की ते बाहेरच्या क्षेत्राची वाट न पाहता आपापसांत ठरवून रांगेत बसतात. विस्कटायला काही उरत नाही, गार होणे थांबते. लोखंडात ही रांग १०४३ केल्व्हिनलाच लागलेली असते, म्हणून थंडीच्या कामात लोखंड जन्मतःच बाद. फेरिक अमोनियम तुरटीत ती सुमारे २६ मिलिकेल्व्हिनला लागते, क्रोम तुरटीत १०च्या आसपास आणि सिरियम मॅग्नेशियम नायट्रेटमध्ये सुमारे २ मिलिकेल्व्हिनला. हे सगळे पाण्याचे उपकार. स्फटिकातले पाणी चुंबकांना एकमेकांपासून लांब ठेवते.

*

म्हणजे चुंबक जितके एकमेकांशी फटकून वागतील तितके खाली जाता येते. १९३५ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या लायडेनला द हास आणि विअर्स्मा यांनी हे टोकाला नेले. त्यांनी क्रोम तुरटीत आपली साधी, बिनचुंबकी तुरटी मिसळून स्फटिक वाढवला. चुंबक आणखी विरळ झाले आणि तापमान ४.४ मिलिकेल्व्हिनपर्यंत उतरले.

पण विरळ चुंबक म्हणजे घनसेंटिमीटरमागे कमी चुंबक, म्हणजे ओढली जाणारी उष्णताही कमी. खूप उष्णता ओढायची तर चुंबक दाटीने बसलेले हवेत आणि दाटी झाली की रांग लवकर लागते. गॅडोलिनियम गॅलियम गार्नेट हा असा दाट पदार्थ. ताकद भरपूर, पण केल्व्हिनभराच्या आसपास त्याचा दम संपतो. गेली नव्वद वर्षे या क्षेत्रात जे काही चालले आहे ते सगळे या एका भांडणाची मिटवामिटवी आहे असे मला वाटते.

१९३३, बर्कली

कल्पना पीटर डिबाय आणि विल्यम जिओक यांना १९२६ च्या सुमारास स्वतंत्रपणे सुचली. त्याआधी थंडीचा मार्ग एकच होता. द्रव हेलियमवरची वाफ पंपाने ओढत राहायची. केल्व्हिनभराच्या खाली वाफच इतकी कमी होते की पंप नुसता फिरतो.

कल्पनेपासून प्रयोगापर्यंत जिओकना सात वर्षे लागली. मार्च-एप्रिल १९३३ मध्ये त्यांनी आणि त्यांचा विद्यार्थी मॅकडूगल याने ६१ ग्रॅम गॅडोलिनियम सल्फेट घेतले. क्षेत्र ८,००० गॉस, म्हणजे ०.८ टेस्ला. ३.४ केल्व्हिनपासून सुरुवात केली तर ०.५३ वर पोचले, २ पासून ०.३४ वर, १.५ पासून ०.२५ वर. ०.८ टेस्ला ही आजच्या मानाने किरकोळ गोष्ट. एमआरआयच्या यंत्रात सहसा १.५ टेस्ला असतात. जिओकना १९४९ चे नोबेल मिळाले ते रसायनशास्त्राचे. बरोबरच आहे. क्षार कोणता निवडायचा, हे ज्याला कळते त्याचेच हे काम.

*

गॅडोलिनियम धातूची एक गंमत आपल्या हवामानाशी जुळणारी आहे. तो साधारण २० अंश सेल्सियसच्या खाली लोखंडासारखा चुंबकाला चिकटतो, वर गेला की जवळजवळ सोडून देतो. मुळशीतल्या डिसेंबरच्या पहाटे चिकटेल, दुपारी ऊन चढले की पडेल. नेमके याच तापमानाजवळ त्याचे चुंबकीय गार होणे सर्वांत जोरदार असते, म्हणून ‘बिनगॅसचा घरगुती फ्रिज’ या बातमीत तो हटकून येतो. १९७६ मध्ये नासाच्या जी. व्ही. ब्राऊन यांनी असे यंत्र चालवून दाखवले. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एम्स प्रयोगशाळेत पेचार्स्की आणि ग्श्नायड्नर यांनी गॅडोलिनियम-सिलिकॉन-जर्मेनियमच्या संयुगात हा परिणाम प्रचंड मोठा असल्याचे दाखवले. त्यानंतर मुंबईत आयआयटीत के. जी. सुरेश, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) ए. के. निगम आणि इतरांनी गॅडोलिनियमसारख्या दुर्मिळ मृदांची कितीतरी संयुगे याच नजरेने तपासली. तरी घरगुती फ्रिज काही आला नाही. एका टेस्लाला दोन-तीन अंश मिळतात आणि टेस्ला स्वस्त नसतो. चुंबकीय शीतकरणाचे खरे घर तळाच्या थंडीतच आहे. तिथे त्याला स्पर्धकच मोजके.

विजयदुर्गाचे कट्टे

थंडीची गोष्ट निघाली की हेलियम येतो आणि मराठी माणसाशी हेलियमविषयी बोलले की विजयदुर्ग येतो. किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने इथूनच १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात हेलियम शोधला, असे सांगतात. त्या तारखेला तिथे हेलियम दिनही साजरा होतो.

त्या दिवशी ग्रहणाचे वेध घेणारे फ्रान्सचे जान्सन होते गुंटूरला. लॉकियर होते इंग्लंडमध्ये. त्यांनी सूर्याच्या कडेच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेघ त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, ग्रहणाशिवाय, तिथूनच टिपली. विजयदुर्गाला लॉकियर आले हे मात्र खरे, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीने १८९५ मध्ये हेलियम पृथ्वीवरच्या खनिजात शोधलाही होता. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रा. नायगमवाला आपली दुर्बीण घेऊन जेऊरला गेले होते. पुण्याच्या माणसाने आपल्या वेधशाळेचे सामान उचलून सोलापूरच्या माळावर नेले, ही गोष्ट कोणी सांगत नाही. कट्टे जपावेत, पाटीवरची तारीख बदलावी.

कुलाबा

महाराष्ट्रातल्या सर्वांत थंड जागेचा मान महाबळेश्वरला द्यायची आपल्याला सवय आहे. तो मुंबईला, कुलाब्याच्या नेव्हीनगरात, समुद्राला लागून असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेला द्यायला हवा. तिथे तांब्याच्या अणुकेंद्रांचे डीमॅग होते.

तुरटीत चुंबकत्व इलेक्ट्रॉनांचे असते. अणुकेंद्राचे चुंबकत्व त्याच्या हजार-दोन हजार पट क्षीण. वर सांगितलेल्या नियमाने हा दुबळेपणा म्हणजे वरदानच. केंद्रे इतकी अलिप्त की मिलिकेल्व्हिनच्याही पुष्कळ खालपर्यंत विस्कटलेली राहतात. पण त्यांना मुळात वळवायचे तर आधीच दहा मिलिकेल्व्हिनच्या आसपास असावे लागते आणि क्षेत्रही ८-९ टेस्लांच्या घरातले लागते. म्हणजे थंडी करण्यासाठी आधी थंडी. पहिला टप्पा हेलियम-३ वापरणाऱ्या डायल्यूशन रेफ्रिजरेटरचा, दुसरा तांब्याचा. नॅनोवॅटभर उष्णता झिरपली तरी तांब्याला ती जाणवते. जमिनीची कंपने, पंपांची थरथर, वायरींतून शिरणारे रेडिओचे तरंग, सगळ्यांचा बंदोबस्त करावा लागतो. तोही मुंबईत!

या यंत्राने जे सापडले ते मोलाचे. ओम प्रकाश, अनिल कुमार, ए. तमिळवेल आणि एस. रामकृष्णन यांनी बिस्मथचे अतिशय शुद्ध स्फटिक घेतले आणि ते ०.५३ मिलिकेल्व्हिनच्या खाली अतिवाहक होतात, म्हणजे वीज विनाअडथळा वाहू देतात, हे दाखवले. शोधनिबंध ‘सायन्स’मध्ये जानेवारी २०१७ च्या अंकात आला. बिस्मथ हा भौतिकीचा जुना गिऱ्हाईक. त्याला दाब दिला किंवा त्याची घडी विस्कटली की तो अतिवाहक होतो, हे माहीत होते. सरळ, शुद्ध, नेहमीच्या दाबातला बिस्मथ मात्र दाद देत नव्हता. त्याच्यात वाहून नेणारे इलेक्ट्रॉन फारच थोडे, लाखभर अणूंमागे एखादा. अतिवाहकतेचा जो रूढ सिद्धान्त आहे, तो इतक्या तुटपुंज्या इलेक्ट्रॉनांना लागू पडत नाही. मग हे होते कसे, हा प्रश्न मुंबईने जगापुढे टाकला.

त्याच निबंधातला दुसरा आकडा मला जास्त आवडतो. बिस्मथची ही अवस्था ५.२ मायक्रोटेस्लाच्या क्षेत्राने मोडते. मुंबईत पृथ्वीचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र ४० मायक्रोटेस्लांच्या वर आहे. म्हणजे नमुना नुसता गार करून भागत नाही, पृथ्वीलाही दाराबाहेर उभे करावे लागते.

*

कुलाब्यालाच पूर्वी पृथ्वीचे चुंबकत्व मोजणारी वेधशाळा होती. १८४१ पासून तिथे नोंदी चालत. मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या म्हणून रुळांतल्या प्रवाहाच्या भीतीने तिथल्या नानाभाई मूस यांनी हे काम अलिबागला हलवले. १९०४ मध्ये अलिबागचे वेध सुरू झाले, ट्राम १९०७ मध्ये आल्या. ज्या टोकावरून चुंबकसुया गोंगाटाला भिऊन खाडीपार गेल्या, त्याच टोकावर शतकानंतर ५.२ मायक्रोटेस्ला मोजले गेले.

चक्-चक्

मिलिकेल्व्हिन सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, ४ केल्व्हिन येतो. एमआरआयच्या खोलीत तपासणी सुरू होण्यापूर्वी एक ठरावीक ठेक्यातला आवाज चालू असतो. तो यंत्राच्या कोल्डहेडचा. आत नायोबियम-टायटेनियमच्या तारांचे वेटोळे ४.२ केल्व्हिनच्या द्रव हेलियममध्ये असते आणि हेलियम उडून जाऊ नये म्हणून हा कोल्डहेड रात्रंदिवस चालतो.

यात चुंबकीय पदार्थ वेगळ्याच रूपात येतो. इथे डीमॅग नाही. हेलियम वायू पुढे-मागे जाताना त्याची उष्णता क्षणभर धरून ठेवणारा साठा लागतो. वरच्या टप्प्यांत तांब्याची किंवा पोलादाची जाळी चालते, खाली शिशाच्या गोळ्या. पण १५ केल्व्हिनच्या खाली शिशाला उष्णता धरवत नाही. कुठल्याच साध्या धातूला धरवत नाही, कारण अणूंची कंपने जवळजवळ थांबलेली असतात. मग उष्णता ठेवायची कुठे? चुंबकांच्या विस्कटण्यात. १९९० च्या सुमारास तोशिबाच्या लोकांनी तीन भाग एर्बियम आणि एक भाग निकेल असे संयुग घेतले. त्यातले चुंबक सुमारे ७ केल्व्हिनजवळ रांग लावतात आणि रांग लागता-मोडताना भरपूर उष्णता गिळतात आणि सोडतात. म्हणजे वर ज्या रांगेला आपण खेळाचा शेवट म्हटले, तिलाच इथे कामाला जुंपले आहे. पुढे होल्मियम-तांबे आणि गॅडोलिनियम ऑक्सिसल्फाइड आले. मिलिमीटरपेक्षाही लहान गोळ्या करून ते नळीत भरतात. त्या गोळ्यांमुळे कोल्डहेड ४ केल्व्हिनला पोचू लागला आणि वारंवार हेलियम भरायचा एमआरआयवाल्यांचा खर्च संपला.

घोटावडे फाट्यावरून पुण्याला एमआरआयला जाणाऱ्याला हे ठाऊक असायचे कारण नाही. पण आपल्याकडे अतिशीत यंत्रांचे शिक्षण घेणाऱ्यांना ठाऊक आहे. आयआयटी मुंबईच्या मिलिंद अत्रे यांची क्रायोजेनिक अभियांत्रिकीवरची व्याख्याने एनपीटीईएलच्या संकेतस्थळावर आहेत. संथ गतीने, एकेक गणित सोडवत ते शिकवतात. पिरंगुट पट्ट्यात व्हॅक्यूम, वेल्डिंग, बारीक मशीनिंग करणाऱ्या तरुणांनी ती ऐकावीत. कोल्डहेडमध्ये अशक्य वाटणारा भाग फार थोडा आहे, बाकी सगळी सफाईची कामे आहेत.

*

२०२५ मध्ये बंगळूरच्या व्हॉक्सेलग्रिड्सने द्रव हेलियमची टाकी न लागणारे १.५ टेस्लाचे देशी एमआरआय विदर्भात, चंद्रपूरच्या कर्करोग रुग्णालयात बसवले. बातमी आली, दोन दिवस फिरली, गेली. टाकी काढली की सगळा भार कोल्डहेडवर येतो. या यंत्रांच्या पुढच्या पिढीचे आयुष्य त्या बारीक गोळ्यांवर ठरणार.

एप्रिल आणि ऑक्टोबर

२०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने सात दुर्मिळ मृदांवर निर्यात-परवान्याची अट घातली. आपल्याकडे गाजली ती डिस्प्रोशियम आणि टर्बियमची बाजू. चाकण-आकुर्डीच्या दुचाकीवाल्यांना मोटारीचे चुंबक मिळेनात. यादीत गॅडोलिनियमही होते, त्याची कोणी दखल घेतली नाही. ऑक्टोबरात आणखी पाच नावे जाहीर झाली. त्यांत एर्बियम आणि होल्मियम! म्हणजे डीमॅगचा गार्नेट आणि कोल्डहेडच्या गोळ्या, दोन्हींवर एका देशाची सही. नोव्हेंबरात दुसरी यादी वर्षभर स्थगित झाली, इतकेच.

आपल्याकडे केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे, ती सार्वजनिक क्षेत्रातली आयआरईएल काढते. पण त्यात भरणा हलक्या मृदांचा, सिरियम-लँथनमचा. एर्बियमसारख्या जड मृदा त्यात फार कमी. वाळू आहे म्हणून आपण निश्चिंत, हा भ्रम आहे.

हेलियम-३

क्वांटम संगणकांतले अतिवाहक क्यूबिट १० ते २० मिलिकेल्व्हिनला ठेवावे लागतात. त्यासाठी जगभर डायल्यूशन रेफ्रिजरेटर वापरतात आणि त्यात हेलियम-३ लागतो. हा समस्थानिक खाणीत मिळत नाही म्हटले तरी चालेल. तो ट्रिटियमच्या किरणोत्सारी क्षयातून येतो. ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे आणि मोठे साठे मुख्यतः अण्वस्त्रांसाठी केलेले. थंडी हवी तर बॉम्बच्या गोदामापाशी रांग लावायची असा हा व्यवहार. आपल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतही ट्रिटियम तयार होतो. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीतही.

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. घोटावड्याहून माण-हिंजवडीमार्गे तासाभरात पाषाणला आयसर गाठता येते. तिथेही क्वांटम तंत्रज्ञानाचे केंद्र आहे. या पैशातला चांगला वाटा परदेशी बनावटीच्या फ्रिजांवर जाणार हे उघड आहे आणि त्यात वावगे काही नाही, काम अडून राहू नये. पण हेलियम-३ शिवाय मिलिकेल्व्हिनला जायचा दुसरा जुना रस्ता तुरटीचा आहे. म्युनिकच्या किउत्रा कंपनीने २०१८ पासून नेमका तोच धंदा मांडला आहे. तसा धंदा कुलाब्याच्या अनुभवावर इथे का उभा राहू नये, याचे उत्तर मला पैशात सापडत नाही.

हापसा

डीमॅगवरचा नेहमीचा आक्षेप असा की ते हापशासारखे आहे, नळासारखे नाही. एकदा क्षेत्र उतरवले की मिळालेली थंडी हळूहळू संपते, मग पुन्हा क्षेत्र चढवा, उष्णता काढा, पुन्हा उतरवा. यावर तोड म्हणजे दोन-तीन क्षार एकापुढे एक जोडायचे आणि आळीपाळीने चालवायचे. सप्टेंबर २०२३ मध्ये उडालेल्या जपानच्या एक्सरिझम उपग्रहात अशी अनेक टप्प्यांची जोडणी आहे. क्रोम तुरटी आणि गॅडोलिनियम लिथियम फ्लोराइड मिळून क्ष-किरणांचा संवेदक ५० मिलिकेल्व्हिनला धरतात. अवकाशात डायल्यूशन अवघड, कारण त्यात द्रवाला खाली बसायला गुरुत्वाकर्षण लागते. तुरटीला वर-खाली सारखेच.

*

तुरटीची गोळी करणे हे मात्र हस्तकौशल्याचे काम आहे. स्फटिक उष्णता नीट वाहून नेत नाही, म्हणून शेकडो बारीक तारांभोवती तो द्रावणातून वाढवावा लागतो. फेरिक अमोनियम तुरटी तांबे खाते, तिथे सोन्याच्या तारा घालतात. गोळी हवाबंद नसेल तर निर्वातात स्फटिकातले पाणी उडते आणि महिन्यांची मेहनत भुकटी होऊन डब्यात पडते. जरा गरम झाली तरी तेच. पाण्याने जे दिले त्याची ही वसुली.

म्हणून अलीकडे पाण्याशिवायचे दुबळे चुंबक शोधणे चालू आहे. जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या गटाने २०२१ मध्ये इटर्बियमचा एक बोरेट घेऊन २२ मिलिकेल्व्हिन गाठले. यात चुंबक त्रिकोणी जाळीत बसवलेले असतात. दोघांनी उलट दिशा धरल्या की तिसऱ्याला कोणाची बाजू घ्यावी ते कळत नाही आणि रांग लागणे लांबत जाते. दाटी आहे आणि रांग मात्र नाही. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये चिनी गटाने सोडियम बेरियम कोबाल्ट फॉस्फेट मांडले. जाळी त्रिकोणीच, तापमान ९४ मिलिकेल्व्हिन. तुरटीइतके खाली नाही. पण त्यात पाणी नाही, हेलियम-३ लागत नाही आणि घटकांपैकी एकही नाव एप्रिलच्या किंवा ऑक्टोबरच्या यादीत नाही. कोबाल्टसाठी जग काँगोकडे बघते, ती कटकट वेगळी. पण प्रयोगाला लागते मूठभर, आणि तेवढे कोबाल्टचे क्षार पुण्यात रसायने विकणाऱ्या कुठल्याही दुकानात बाटलीत मिळतात.